संयुग अर्धसंवाहकांची पृष्ठरचना
आवर्त सारणीच्या निरनिराळ्या गटांतील दोन वा अधिक मूलद्रव्यांच्या संयोगाने बनलेल्या अर्धसंवाहक स्फटिकाच्या अगदी बाहेरील काही थरांतील अणूंच्या मांडणीस त्या स्फटिकाची पृष्ठरचना म्हणतात. गॅलियम आर्सेनाइड, इंडियम फॉस्फाइड, इंडियम आर्सेनाइड, गॅलियम नायट्राइड ही संयुग अर्धसंवाहकांची प्रमुख उदाहरणे होत. स्फटिक एखाद्या प्रतलाशी कापला असता उघडे पडणारे अणू अंतर्भागातील आपल्या मूळ जागी राहत नाहीत. ते सरकतात, एकमेकांशी नवे बंध जोडतात व काही वेळा आपली जागा सोडून निघूनही जातात. अशा रीतीने तयार होणारी मांडणी एकच एक नसते. तापमान व सभोवतालच्या बाष्पाचा दाब यांनुसार एका मांडणीची जागा दुसरी घेते. पाण्याचे बर्फ वा वाफ होते त्याप्रमाणेच हे पृष्ठावरील प्रावस्था बदल (द्रव्याच्या रचनेने व गुणधर्माने वेगळ्या ओळखता येणाऱ्या अवस्थांमधील बदल) होत. मात्र ते एकदोन अणूंच्या जाडीच्या थरात घडून येतात. प्रकाश उत्सर्जक द्विप्रस्थे, लेसर, सूक्ष्मतरंग ट्रँझिस्टर व उपग्रहांवरील सौर विद्युत् घट यांत लागणारे स्फटिकथर अणूंच्या एकेका थराने वाढविले जातात व त्यातील प्रत्येक थर एके काळी पृष्ठ असतो. यामुळे या विषयाला मोठे व्यावहारिक महत्त्व आहे. [⟶ अर्धसंवाहक, स्फटिकविज्ञान].

इतिहास : स्फटिकाच्या पृष्ठावरून इलेक्ट्रॉनांचे विवर्तन (अडथळ्यांच्या नियमित मांडणीमुळे तरंग ठराविक दिशांना विखुरले जाण्याचा आविष्कार) होते, हे सी. जे. डेव्हिसन व एल. एच. जर्मर यांनी १९२७ मध्ये निकेलाच्या स्फटिकावर दाखवून दिले. पृष्ठाच्या अभ्यासासाठी या आविष्काराचा पद्धतशीर उपयोग होण्यास मात्र अतिउच्च निर्वाताची तंत्रे विकसित व्हावी लागली. १९५९ मध्ये आर. ई. श्लायर व एच. ई. फार्न्सवर्थ यांना सिलिकॉन व जर्मेनियम यांच्या स्वच्छ पृष्ठांवरील अणूंची मांडणी अंतर्भागाहून वेगळी असल्याचे दिसून आले. तत्पूर्वी १९५२ मध्ये जर्मनीत एच. वेल्कर यांनी आवर्त सारणीच्या तिसऱ्या व पाचव्या गटांतील मूलद्रव्यांची संयुगे अर्धसंवाहक असल्याचे दाखविले होते. १९६८ मध्ये जे. आर. आर्थर यांनी गॅलियम व आर्सेनिक यांच्या वाफा गॅलियम आर्सेनाइडाच्या पृष्ठावर कशा स्थिरावतात यासंबंधीचे संशोधन प्रसिद्ध केले. त्यानंतर १९७१ मध्ये ए. वाय. चो यांनी थर वाढत असतानाच पृष्ठावरील निरनिराळ्या मांडण्या इलेक्ट्रॉन विवर्तनाने पाहिल्या. आर्थर व चो हे दोघेही अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत काम करीत असत. या संशोधनातूनच रेणवीय शलाका पद्धती पुढे आली. निर्वातात तापविलेल्या मूलद्रव्यांच्या वाफांचे झोत पायाभूत स्फटिकावर सोडून त्याच्या अणुरचनेबरहुकूम नवे थर वाढविणे, असे तिचे स्वरूप आहे.

अंतर्भागाची रचना व स्फटिकाची पृष्ठे : गॅलियम आर्सेनाइडाचा स्फटिक झिंक ब्लेंड प्रकारचा आहे. त्याच्या घनाकार एकक कोशिकेची (जिच्या पुनरावृत्तीने सबंध स्फटिक बनतो अशा लहानात लहान घटकाची) बाजू ५·६५ अँगस्ट्रॉम (१ अँगस्ट्रॉम = १०⁻⁸ सेंमी.) असते. प्रत्येक गॅलियम अणूभोवती चार आर्सेनिक अणू व प्रत्येक आर्सेनिक अणूभोवती चार गॅलियम अणू चतुष्फलकाच्या कोपऱ्यांवर असतात. गॅलियमाचे संयुजा इलेक्ट्रॉन (रासायनिक बंधात भाग घेणारे इलेक्ट्रॉन) तीन व आर्सेनिकाचे पाच असतात. हे इलेक्ट्रॉन चार बंधांत वाटले म्हणजे प्रत्येक बंधास गॅलियमाकडून पाऊण व आर्सेनिकाकडून सव्वा, असे मिळून दोन इलेक्ट्रॉन लाभतात आणि बंध पुरा होतो.

सिलिकॉनाच्या स्फटिकातील सर्व अणू एकाच जातीचे असल्याने तो कोठेही कापला तरी वर सिलिकॉनच येतो. संयुग अर्धसंवाहकात तसे नसते. (११०) प्रतलाशी उघडणाऱ्या पृष्ठावर दोन्ही जातींचे अणू समसमान असतात. या प्रतलाशी स्फटिक सहज दुभंगतो. (००१) दिशेने पाहिल्यास गॅलियमाचा एक व आर्सेनिकाचा एक असे थर आलटून पालटून येतात. म्हणून त्या पृष्ठावर सबंध थर एकाच जातीचा असू शकतो. (१११) दिशेच्या दोन विरुद्ध बाजूंपैकी एक गॅलियमाची व दुसरी आर्सेनिकाची असते आणि त्या दोन्हींची रासायनिक वर्तणूक वेगळी असते. अशा पृष्ठांस ध्रुवीय पृष्ठे म्हणतात. उद्योगात वापरल्या जाणाऱ्या बहुतेक चकत्या (००१) पृष्ठाच्या असतात, म्हणून त्या पृष्ठाचा अभ्यास सर्वांत अधिक झाला आहे.

शिथिलन व पुनर्रचना : पृष्ठावरील अणूचे वरच्या बाजूचे शेजारी नाहीसे झालेले असल्याने त्याचे काही बंध अतृप्त राहतात. अशा बंधांमुळे पृष्ठाची ऊर्जा वाढते व ती कमी करण्याच्या दिशेने अणू हलतात. आवृत्तीचा (मांडणी पुन्हा तशीच येण्याच्या अंतराचा) मूळ आकार कायम ठेवून अणू नुसतेच वरखाली वा बाजूस सरकले, तर त्यास शिथिलन म्हणतात. नवे बंध जुळून वा काही अणू गळून आवृत्तीच बदलली, तर त्या बदलास पुनर्रचना म्हणतात. पुनर्रचना दर्शविण्यासाठी एलिझाबेथ ए. वुड यांनी १९६४ मध्ये सुचविलेले चिन्हांकन वापरतात. उदा., (२×४) म्हणजे पृष्ठाच्या एका दिशेने मूळच्या दुप्पट व दुसऱ्या दिशेने चौपट अंतरावर मांडणीची पुनरावृत्ती होते. आयताच्या मध्यभागीही तसाच बिंदू येत असल्यास त्यास केंद्रित असे विशेषण लावतात.

(११०) पृष्ठ हे शिथिलनाचे चांगले उदाहरण आहे. येथे प्रत्येक अणूचा एकच बंध अतृप्त राहतो. गॅलियमाच्या अशा बंधातील पाऊण इलेक्ट्रॉन आर्सेनिकाच्या बंधाकडे जातो व तेथे दोन इलेक्ट्रॉनांची पूर्ण जोडी होते. परिणामी आर्सेनिक अणू बाहेर उचलला जातो, गॅलियम अणू आत दबतो आणि पृष्ठावरील गॅलियम-आर्सेनिक बंध सु. ३०° नी कलतो. हिशेब जागच्या जागी मिटत असल्याने आवृत्ती बदलण्याची गरज पडत नाही.

इलेक्ट्रॉनांचा हिशेब : ध्रुवीय पृष्ठावर मात्र हा हिशेब इतका सहज जुळत नाही व त्यातूनच तेथील गुंतागुंतीच्या पुनर्रचना उद्भवतात. डी. जे. चॅडी यांनी १९८० नंतरच्या दशकात केलेल्या ऊर्जेच्या गणितांतून आणि एम. डी. पॅश्ले यांनी १९८९ मध्ये स्पष्टपणे मांडलेल्या नियमातून या पुनर्रचनांमागील सूत्र पुढे आले. विद्युत् ऋणता (इलेक्ट्रॉन आपल्याकडे खेचण्याची प्रवृत्ती) अधिक असलेल्या मूलद्रव्याचे, म्हणजे येथे आर्सेनिकाचे, सर्व अतृप्त बंध भरलेले व गॅलियमाचे सर्व अतृप्त बंध रिकामे असावेत आणि त्यासाठी लागणारे इलेक्ट्रॉन उपलब्ध इलेक्ट्रॉनांइतकेच असावेत, असे हे सूत्र आहे. या अटीची पूर्तता करणारे पृष्ठ सामान्यतः स्थिर असते व ते अर्धसंवाहकच राहते.

आर्सेनिकाने आच्छादलेल्या (००१) पृष्ठाचा हिशेब या दृष्टीने उद्बोधक आहे. वरच्या थरातील प्रत्येक आर्सेनिक अणूचे दोन बंध खालच्या गॅलियमाशी जुळलेले व दोन अतृप्त असतात. शेजारचे दोन आर्सेनिक अणू एकमेकांकडे झुकून त्यांची जोडी बनते व दोघांचा मिळून एक बंध तयार होतो. अशा एका अणुजोडीस परस्परबंधासाठी २, खालच्या चार बंधांसाठी ८ व उरलेल्या दोन अतृप्त बंधांच्या भरणीसाठी ४, असे एकूण १४ इलेक्ट्रॉन लागतात. दोन आर्सेनिक अणूंचे मिळून १० व खालच्या गॅलियमाकडून चार बंधांमागे ३ असे १३ इलेक्ट्रॉनच उपलब्ध असतात. म्हणजे दर अणुजोडीमागे एक इलेक्ट्रॉन कमी पडतो. आता चार अणुजोड्यांपैकी एक अजिबात काढून टाकली, तर तिच्या जागी उघड्या पडलेल्या गॅलियमाच्या चार बंधांतील ३ इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि ते उरलेल्या तीन जोड्यांची तूट नेमकी भरून काढतात. चौपट आवृत्ती का येते व पृष्ठ आपलेच काही अणू का गमावते, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर या साध्या बेरीज-वजाबाकीत मिळते.

हीच रीत (१११) च्या गॅलियम बाजूसही लागू पडते. तेथे (२×२) पुनर्रचना आढळते व तीत चार गॅलियम अणूंपैकी एक नाहीसा झालेला असतो. उरलेल्या तीन गॅलियम अणूंचे सव्वादोन व रिक्त जागेभोवतीच्या तीन आर्सेनिक अणूंचे पावणेचार असे सहा इलेक्ट्रॉन मिळून आर्सेनिकाच्या तीन जोड्या पूर्ण होतात.

हा नियम उपयुक्त असला, तरी अटळ नाही. १९९७ मध्ये गॅलियम अँटिमनाइडाच्या (००१) पृष्ठावर त्याचा भंग करणारी व धातूसारखे गुण दाखविणारी पुनर्रचना आढळून आली. तसेच नियमात बसणाऱ्या अनेक मांडण्यांपैकी कोणती प्रत्यक्षात येईल, हे ठरविण्यास विद्युत् भारांमधील प्रतिसारण व बंधांतील ताण यांचे गणित करावेच लागते.

निरीक्षणाच्या पद्धती : पृष्ठाचा अभ्यास करावयाचा, तर ते स्वच्छ ठेवणे ही पहिली अट असते. १०⁻⁶ टॉर (मिमी. पारा) एवढ्या दाबाच्या वायूतही सु. एका सेकंदात पृष्ठावर परक्या रेणूंचा एक सबंध थर बसू शकतो. म्हणून बहुतेक प्रयोग १०⁻¹⁰ टॉरच्या आसपासच्या निर्वातात करतात. अभ्यासावयाच्या पृष्ठावर आर्सेनिकाचा जाड लेप देऊन ते हवेतून दुसऱ्या उपकरणाकडे नेता येते; पुढे निर्वातात तापविले की लेप उडून जातो व स्वच्छ पृष्ठ उरते.

परावर्तित उच्च ऊर्जा इलेक्ट्रॉन विवर्तन ही रेणवीय शलाका पद्धतीतील नित्याची पद्धती होय. सु. १० ते ३० हजार इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेची इलेक्ट्रॉन शलाका पृष्ठाशी एकदोन अंशांचा कोन करून सोडतात. त्यामुळे ती पृष्ठाच्या वरच्या थरांतच विखुरते आणि समोरच्या अनुस्फुरक पडद्यावर रेषांचा आकृतिबंध उमटतो. मुख्य रेषांमध्ये एक जादा रेषा दिसल्यास आवृत्ती दुप्पट व तीन दिसल्यास चौपट असल्याचे समजते. १९८१ मध्ये जे. जे. हॅरिस, बी. ए. जॉइस व पी. जे. डॉब्सन यांनी थर वाढत असताना या आकृतिबंधाची तीव्रता नियमितपणे कमीजास्त होत असल्याचे नोंदविले. थर अर्धवट असताना पृष्ठ खडबडीत असते व तीव्रता घटते; थर पूर्ण होताच ती पुन्हा वाढते. म्हणून एक आंदोलन म्हणजे गॅलियम व आर्सेनिक यांचा मिळून २·८३ अँगस्ट्रॉम जाडीचा एक थर होय. दर सेकंदास असा एक थर या गतीने तासाभरात सु. एक मायक्रोमीटर (मिमी. चा हजारावा भाग) जाडीचा स्फटिक वाढतो.

विवर्तनावरून आवृत्ती कळते. परंतु आवृत्तीच्या आत कोणता अणू कोठे आहे हे थेट कळत नाही. ही उणीव जी. बिनिग व एच. रोहरर यांनी शोधून काढलेल्या क्रमवीक्षण सुरंगन सूक्ष्मदर्शकाने भरून काढली. या उपकरणात धातूची अतितीक्ष्ण सुई पृष्ठापासून काही अँगस्ट्रॉम अंतरावरून फिरवितात व मधल्या पोकळीतून पार होणारा विद्युत् प्रवाह मोजतात. या शोधाबद्दल दोघांना १९८६ च्या भौतिकीच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. १९८७ मध्ये आर. एम. फीन्स्ट्रा व त्यांचे सहकारी यांनी (११०) पृष्ठाच्या अभ्यासात या उपकरणाचा एक विशेष उपयोग दाखविला. सुई व स्फटिक यांमधील विद्युत् दाबाची दिशा बदलली असता एकदा भरलेले बंध म्हणजे आर्सेनिक अणू, तर दुसऱ्यांदा रिकामे बंध म्हणजे गॅलियम अणू दिसतात. १९८८ मध्ये पॅश्ले व त्यांच्या सहकाऱ्यांनी (००१) पृष्ठावरील (२×४) मांडणीच्या प्रतिमा मिळविल्या आणि गळालेल्या अणुजोड्यांच्या रांगा प्रत्यक्ष दिसल्या. पुढील संशोधनातून वरच्या थरात तीन नसून दोनच अणुजोड्या असतात व तिसरी त्याखालच्या आर्सेनिक थरात उघडी पडलेली असते, असे निश्चित झाले. या मांडणीस बीटा-२ असे नाव आहे. इलेक्ट्रॉनांचा हिशेब दोन्ही मांडण्यांत जुळतो. परंतु बीटा-२ मध्ये विद्युत् भारांमधील प्रतिसारण कमी असल्याने ती अधिक स्थिर ठरते.

पृष्ठावरील प्रावस्था व त्यांची स्थित्यंतरे : संयुग अर्धसंवाहकाच्या पृष्ठाचे एक वैशिष्ट्य असे की, त्यावरील दोन मूलद्रव्यांचे प्रमाण बदलू शकते. आर्सेनिक बाष्पनशील (सहज वाफ होणारे) असून गॅलियम तसे नाही. तापमान वाढविल्यास वा आर्सेनिकाचा झोत कमी केल्यास पृष्ठावरील आर्सेनिक घटते. उलट केल्यास ते वाढते. स्फटिक व बाष्प यांच्या समतोलात आर्सेनिकाचे रासायनिक वर्चस् (पदार्थात आणखी एक अणू घालण्यास लागणारी ऊर्जा दर्शविणारी राशी) तापमान व दाब या दोहोंवरून ठरते. वर्चसाच्या ज्या मूल्यास ज्या मांडणीची ऊर्जा सर्वांत कमी, ती त्या परिस्थितीतील प्रावस्था होय.

गॅलियम आर्सेनाइडाच्या (००१) पृष्ठावर आर्सेनिकाच्या उतरत्या प्रमाणानुसार प्रावस्थांचा पुढील क्रम दिसून येतो. निर्वातात सु. ४०० से. व त्याखाली केंद्रित (४×४) ही मांडणी असते. तीत आर्सेनिकाच्या एका पूर्ण थरावर आणखी पाऊण थर असतो. म्हणजे आच्छादन १·७५ थरांचे असते. तापमान वाढविल्यास वरचे आर्सेनिक उडून जाते व (२×४) मांडणी येते. हिचे आच्छादन ०·७५ थर असते. प्रत्यक्ष स्फटिकवाढीसाठी बहुधा हीच प्रावस्था निवडतात व आर्सेनिकाचा झोत चालू ठेवून ती ६०० से. च्या आसपास टिकविता येते. त्याहून अधिक तापमानास वा झोत बंद केल्यास (२×६), (४×६), (४×२) यांसारख्या गॅलियमसमृद्ध मांडण्या येतात. यांपैकी (४×२) मांडणीचा आज मान्य असलेला आराखडा २००० साली मांडण्यात आला. झोत पुन्हा वाढविला की पृष्ठ उलट क्रमाने परत येते.

ही स्थित्यंतरे सर्व संयुगांत सारखी नसतात. गॅलियम आर्सेनाइडात (२×४) कडून (४×२) कडे होणारा बदल सावकाश व मधल्या मांडण्यांतून होतो. इंडियम आर्सेनाइडात मात्र तो एकाएकी घडतो. तेथे तापमान चढविताना ज्या बिंदूस बदल होतो, त्याहून खालच्या बिंदूस तापमान उतरविताना उलट बदल होतो. पूर्वेतिहासावर अवलंबून असणारी अशी तफावत हे पहिल्या कोटीच्या स्थित्यंतराचे (पाणी गोठण्यासारख्या तुटक बदलाचे) लक्षण होय.

आणखी एका प्रकारचे स्थित्यंतर पृष्ठाच्या सपाटपणाशी निगडित आहे. उच्च तापमानास (२×४) मांडणीचे सपाट पृष्ठ आपोआप भंगते व त्यावर एका थराएवढ्या उंचीची बेटे तयार होऊन जवळजवळ निम्मे पृष्ठ व्यापतात. अमेरिकेतील आर्कॅन्सॉ विद्यापीठातील भौतिकीविज्ञांनी असे तप्त पृष्ठ एकदम थंड करून सूक्ष्मदर्शकाने तपासले. चुंबकत्वाच्या विवरणासाठी ई. इझिंग यांनी १९२५ मध्ये अभ्यासिलेले प्रतिमान या बेटांच्या वाटणीसही लागू पडते, असे त्यांना २००० साली आढळून आले. या प्रतिमानाचे द्विमितीय रूप एल. ऑनसागर यांनी १९४४ मध्ये काटेकोरपणे सोडविले होते.

स्थिर पृष्ठाची मर्यादा : सु. ६५० से. च्या खाली निर्वातातील स्फटिकातून गॅलियम व आर्सेनिक समप्रमाणात उडतात. त्यावर आर्सेनिक अधिक वेगाने निघून जाते, उरलेले गॅलियम एकत्र येते व पृष्ठावर त्याचे द्रवबिंदू बनतात. हे द्रवबिंदू पृष्ठावर आपोआप धावतात, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत दिसून आले. असे पृष्ठ पुढील थरांच्या वाढीस निरुपयोगी ठरते. उलट, तापमान फार कमी ठेवले, तर अणूंना योग्य जागी सरकण्यास पुरेशी ऊर्जा मिळत नाही व जादा आर्सेनिक स्फटिकात अडकून दोष निर्माण होतात. स्फटिक वाढविणाऱ्यास या दोन मर्यादांमधील अरुंद पट्ट्यातच काम करावे लागते. चकतीवरील ऑक्साइडाचा थर सु. ५८० से. ला उडून जातो. हे तापमान व पुनर्रचनेतील बदलांचे बिंदू यांचा उपयोग तापमापकाचे वाचन पडताळण्यासाठीही करतात.

निसर्गाने या कामात एक सोय केली आहे. आर्थर यांनी दाखविल्याप्रमाणे पृष्ठावर आलेले गॅलियम बहुतेक सर्व चिकटते. आर्सेनिक मात्र त्यास जुळण्यासाठी मोकळे गॅलियम असेल तेवढेच टिकते व बाकीचे उडून जाते. म्हणून झोतात आर्सेनिक जरुरीपेक्षा अधिक ठेवले, तरी स्फटिकातील दोहोंचे प्रमाण आपोआप बरोबर राहते आणि वाढीचा वेग केवळ गॅलियमाच्या झोतावरून ठरतो.

धातु-कार्बनी बाष्प पद्धतीत स्फटिकथर निर्वातात नव्हे, तर हायड्रोजनासारख्या वायूच्या प्रवाहात वाढवितात. तेथे इलेक्ट्रॉन शलाका चालत नाही. डी. ई. ॲस्पनेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या पद्धतीत निरनिराळ्या दिशांनी ध्रुवित केलेल्या प्रकाशाच्या परावर्तनातील फरक मोजतात. अणुजोड्यांची दिशा बदलली की हा फरकही बदलतो. निर्वातातील पुनर्रचनांशी मिळत्याजुळत्या मांडण्या वायूच्या सान्निध्यातही असतात, असे या पद्धतीने व क्ष-किरणांच्या विवर्तनाने १९९२ च्या सुमारास दिसून आले. भारतात मुंबई येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या बाष्प पद्धतीने संयुग अर्धसंवाहकांचे थर वाढविण्याचे संशोधन केले जाते.

पृष्ठरचनेचा अंतर्भागावरील परिणाम : पृष्ठावरील मांडणी पुढचा थर बसताच पुसली जाते, असे वाटण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात तिचा ठसा अंतर्भागात कायमचा राहू शकतो. गॅलियम-इंडियम फॉस्फाइड या मिश्र स्फटिकात गॅलियम व इंडियम यांचे अणू सरमिसळ असावेत, अशी अपेक्षा होती. १९८० नंतरच्या दशकात जपानमधील ए. गोम्यो, टी. सुझुकी व त्यांच्या सहकाऱ्यांना विशिष्ट परिस्थितीत हे अणू (१११) प्रकारच्या प्रतलांत आळीपाळीने रचले जातात, असे आढळले. पृष्ठावरील अणुजोड्यांच्या रांगांमुळे त्यांच्याखालील काही जागा आकुंचतात व काही प्रसरतात. लहान गॅलियम अणू पहिल्या प्रकारच्या व मोठा इंडियम अणू दुसऱ्या प्रकारच्या जागा पसंत करतो. या क्रमबद्धतेमुळे निषिद्ध ऊर्जा पट्टाची रुंदी सु. ०·१ इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत घटते व उत्सर्जित प्रकाशाचा रंगही बदलतो. तांबड्या रंगाचे लेसर व बहुस्तरीय सौर घट यांत हा स्फटिक वापरला जात असल्याने हा फरक उपेक्षणीय नाही.

गॅलियम आर्सेनाइडावर इंडियम आर्सेनाइड वाढविताना दोहोंच्या एकक कोशिकांत सु. ७% तफावत असते. पहिला थर ताणाखाली का होईना सपाट बसतो, जाडी सु. १·७ थर होताच वाढ एकाएकी सपाटपणा सोडते व काही नॅनोमीटर (१ नॅनोमीटर = १० अँगस्ट्रॉम) उंचीचे उंचवटे तयार होतात. त्यांस पुंज बिंदू म्हणतात व ते लेसरांमध्ये वापरले जातात.

अतिशय बारीक तारांच्या रूपात वाढविलेल्या गॅलियम आर्सेनाइडात तर स्फटिकाची जातच बदलू शकते. नेहमीच्या घनीय झिंक ब्लेंड रचनेऐवजी तेथे षट्कोणी वुर्ट्झाइट रचना आढळते. तारेच्या टोकावरील द्रवबिंदू पृष्ठाशी किती कोन करतो यावर कोणती रचना वाढेल ते अवलंबून असते, हे २०१६ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तारा वाढवून दाखविण्यात आले. ठोकळ्याच्या स्वरूपात हीच संयुगे दुसरी रचना धारण करण्यास बहुधा प्रचंड दाब लागतो. उदा., इंडियम फॉस्फाइड सु. १ लक्ष वातावरण दाबाखाली मिठासारख्या घनीय रचनेत जाते. यावरून लहान आकारमानात पृष्ठाचा प्रभाव किती मोठा असतो, याची कल्पना येते.

विद्युतीय परिणाम व उपयोजन : पृष्ठावरील अतृप्त बंध व दोष यांच्या ऊर्जा पातळ्या निषिद्ध पट्टात आल्यास त्या अंतर्भागातील इलेक्ट्रॉन पकडून ठेवतात. मग बाहेरून विद्युत् दाब लावला, तरी पृष्ठालगतची फेर्मी पातळी (इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या व रिकाम्या ऊर्जा पातळ्यांमधील सीमा) हलत नाही. निर्वातात नीट दुभंगलेल्या (११०) पृष्ठावर शिथिलनामुळे अशा पातळ्या निषिद्ध पट्टाबाहेर ढकलल्या जातात. त्यावर ऑक्सिजन वा धातू यांचे अत्यल्प अणू बसले, तरी मात्र नव्या पातळ्या उद्भवतात. सिलिकॉनावर त्याच्या ऑक्साइडाचा जवळजवळ निर्दोष थर वाढविता येतो. गॅलियम आर्सेनाइडाच्या ऑक्साइडाने ते साधत नाही. गॅलियम आर्सेनाइडात इलेक्ट्रॉन सिलिकॉनापेक्षा कितीतरी अधिक वेगाने हालचाल करतात. असे असूनही संगणकाच्या मंडलांत त्याने सिलिकॉनाची जागा घेतली नाही, याचे एक महत्त्वाचे कारण पृष्ठाच्या या दोषात आहे. १९९० नंतरच्या दशकात गॅलियम व गॅडोलिनियम यांच्या ऑक्साइडांचा थर निर्वातातच स्वच्छ पृष्ठावर देऊन ही अडचण पुष्कळ अंशी कमी करता येते, असे दाखविण्यात आले.

पृष्ठ स्वतःच्या रचनेत फेरफार करून जादा विद्युत् भारही सामावून घेते. सिलिकॉनाची मुबलक भेसळ केलेल्या गॅलियम आर्सेनाइडात इलेक्ट्रॉन वाढतात. पॅश्ले व के. डब्ल्यू. हॅबरर्न यांना १९९१ मध्ये अशा (००१) पृष्ठावर अणुजोड्यांच्या रांगांना जागोजागी वाकडी वळणे पडलेली आढळली. प्रत्येक वळण एकेक इलेक्ट्रॉन पकडून ठेवते. भेसळ जितकी अधिक, तितकी वळणेही अधिक असतात.

गॅलियम नायट्राइडाच्या बाबतीत पृष्ठाच्या ध्रुवीयतेला आणखी महत्त्व आहे. त्याच्या षट्कोणी स्फटिकाची एक बाजू गॅलियमाची व दुसरी नायट्रोजनाची असून वाढीच्या वेळी कोणती बाजू वर आहे, यावर थराचा गुळगुळीतपणा व भेसळ सामावण्याची क्षमता अवलंबून असतात. रेणवीय शलाका पद्धतीत गॅलियमाच्या बाजूवर धातुरूप गॅलियमाचे सु. दोन थर राखल्यास स्फटिक चांगला वाढतो. निळा प्रकाश देणाऱ्या द्विप्रस्थांच्या शोधाबद्दल आय. आकासाकी, एच. आमानो व एस. नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या द्विप्रस्थांचा पाया हाच स्फटिक होय.

संगणकाच्या साहाय्याने पुनर्रचनांच्या ऊर्जा मूलतत्त्वांवरून काढणे आता शक्य झाले आहे व त्यांवरून प्रावस्थांचे नकाशे तयार करतात. तथापि ही गणिते प्रामुख्याने समतोल स्थितीची असतात. वाढत्या पृष्ठावर अणू सतत येत, सरकत व उडत असतात आणि तेथे समतोल पूर्णपणे साधलेला नसतो. म्हणून प्रयोगशाळेत आढळणाऱ्या अनेक प्रावस्था नकाशातील सीमारेषांशी तंतोतंत जुळत नाहीत. पृष्ठरचना हवी तशी घडवून तिच्याद्वारे स्फटिकाचे गुणधर्म ठरविणे, हे या क्षेत्रातील संशोधनाचे प्रमुख उद्दिष्ट आहे. [⟶ इलेक्ट्रॉन विवर्तन; प्रावस्था नियम; सूक्ष्मदर्शक].